सुमनताईनं मागितलेली जागा

ब्लाउजला अस्तर लावत होते, तेव्हा मुदखेडहून फोन आला. सुमनताईचा भाऊ होता. "ताई गेली... तापच होता, दोन-चार दिवसांचा. मेंदूत गेला म्हणले डॉक्टर." मशीनवरचा पाय माझा तसाच राहिला. रडू लगेच आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता तरी ती बसली असेल. असं का वाटलं हे सांगायचं, तर आम्ही दोघी नांदेडच्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या असायचो, तिथून सुरुवात करावी लागेल.

तीन मजली दुकान होतं ते. दुसऱ्या मजल्यावर, लग्नाच्या बस्त्याच्या काउंटरला, मी आणि माझ्या शेजारी सुमनताई. वयानं माझ्याहून बरीच मोठी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भावाकडे राहायची. सकाळच्या पॅसेंजरनं मुदखेडहून यायची आणि दुकान बंद झालं की परत. साडी दाखवायची तिची एक तऱ्हा होती. आधी पदर नाही, काठ उलगडायची, आणि गिऱ्हाईक स्वतःहून हात पुढे करेपर्यंत गप्प राहायची. त्या दुकानात आम्हा बायकांना लघवीला जायला जागा नव्हती. तळमजल्यावर एक होती, ती गिऱ्हाइकांसाठी, चावी गल्ल्यावर. पुरुष मागच्या बोळात जायचे. आम्हाला सांगितलेलं, बस स्टँडवर जा. जाऊन येईपर्यंत काउंटर कोण सांभाळणार? म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. घरून निघताना चहासुद्धा टाळायचो. ओटीपोटात दुखणं, जळजळ, अधूनमधून ताप, हे सगळ्याच जणींना होतं आणि बोलत कुणीच नव्हतं... नोकरी म्हटलं की हे आलंच, असं धरून चाललो होतो.

लगनसराईत एका दुपारी, एका नवरीच्या आईपुढं शालू उलगडता उलगडता मी खाली कोसळले. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. दवाखान्यातून सुटून कामावर आले, त्याच दिवशी सुमनताई गल्ल्यापुढं जाऊन उभी राहिली. शेठजी तसे तोंडाचे वाईट नव्हते. दिवाळीला साडी द्यायचे, माझ्या आजारपणात माणूस पाठवून चौकशीही केली होती.

"शेठजी, बायकांला जायला जागा पायजे."

"बस स्टँड काय लांब हाय का, सुमनबाई?"

"लांब न्हाई. पर तुमच्या घरच्या बायका जातील का तिथं?"

शेठजींनी चष्मा काढून पुसला. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

माझ्या सुटीच्या दिवशी मला सोबत घेऊन ती लेबर ऑफिसात गेली. तिथले साहेब भले निघाले. म्हणाले, बायकांसाठी वेगळी सोय करावीच लागते, कायदाच आहे, त्यात मालकाची मर्जी चालत नाही. तक्रार द्या, नाव गुप्त ठेवतो. ताई म्हणाली, "न्हाई साहेब, नाव टाका माझं. नाव नसलं की समद्याच पोरींवर राग निघतो." जिना उतरताना मी म्हटलं, ताई, तू तर लीडर झालीस. ती कठडा धरून थांबली. "शोभे, मला भांडायची हौस न्हाई गं. मला बसायची हौस हाय. पाय तुटून राह्यले माझे."

साहेब तपासणीला आले, आम्हाला ओळीनं विचारत गेले, काही अडचण आहे का? पहिल्या तिघी खाली बघून नाही म्हणाल्या. माझ्यापाशी आले तेव्हा मी बोलले, "हाय साहेब. जागा न्हाई." मग बाकीच्याही बोलल्या, तुटक तुटक. पुढे पायऱ्यांखाली एक खोली बांधली गेली. दार फरशीला घासायचं, आत वाकूनच उभं राहावं लागायचं, पण आतून कडी होती. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येत नाही, असं साहेबांनी समजावल्यावर शेठजींनी सुमनताईला परत घेतलं... पण गोदामावर. तिथं गठ्ठे उचलणारे सगळे पुरुष, आणि बाईसाठी जागा नाही.

आम्हाला मिळाली, आणि जिनं मागितली ती राहिली. ती पुन्हा लेबर ऑफिसात गेली, तोवर त्या साहेबांची बदली झालेली. नवे साहेब बघतो म्हणाले. असं करत वर्ष काढलं तिनं त्या गोदामात. मग सोडलं, आणि विष्णुपुरीला कॉलेजच्या मुलांच्या खानावळीत पोळ्या लाटायला लागली. तिथं आठवड्याची सुटी नव्हती. तीही तिनंच मागितली. मी तोवर लग्न होऊन लातूरला आले होते. फोनवर सांगताना तिच्या आवाजात आनंद असा काही नव्हता. "दिली बाई सुट्टी. पर दर वेळेस मीच कामून मागायचं?"

तिच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला मुदखेडला गेले होते. परतताना नांदेडला गाडी बदलायची होती, वेळ होता, म्हणून दुकानात शिरले. गल्ल्यावर आता शेठजींचा मुलगा बसतो. वर सगळ्या नव्या मुली. एकीला विचारलं, जायला कुठं आहे गं? "गिऱ्हाइकांचं खाली हाय मावशी, पर तिथं पाणी न्हाई आज. आमच्यात जावा, पायऱ्याखाली." दार नवीन होतं. दिवा लागत होता. कुणीतरी आरसा लावलेला, आणि त्याच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या, लाल, मरून, एक हिरवी. बाहेर आले तर तीच मुलगी ओढणी सावरत उभी.

"आमच्या वेळी हे नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतं?" ती हसायलाच लागली. "असं कसं? मग बाया काय करायच्या?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून तिला हाक आली. नवरीकडचे आले होते. "आले, आले," ती ओरडली, आणि मला म्हणाली, "थांबा हं मावशी, येतेच." आत शिरून तिनं कडी लावली. मी थोडा वेळ थांबले... मग लातूरची गाडी चुकेल म्हणून निघाले.