बाजेवाल्या साहेबाच्या पोथीमागे: लातूर ते नांदेड

मंगळवारी संध्याकाळी यांचा फोन वाजला. यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी मी तो चार्ज करून ठेवते. अजूनही कोणी ना कोणी जुना कागद वाचून घ्यायला फोन करतं.

"साहेब, माणिकराव बोलून राहिलो, कंधारकडून. आई गेली. उद्या दहावा हाय. पोथी गंगेला देणार, तिचा शब्द हाय. दर्शन घ्यायचं तर नऊच्या आत घरी या, मग आम्ही नांदेडला निघतो."

"साहेब नाहीत आता," मी म्हटलं. "मी त्यांची बायको."

"आम्हाला कळलंच न्हाई, ताई."

या पोथीविषयी आधी सांगते, नाहीतर माझी धावपळ तुम्हाला वेडेपणाची वाटेल. हे जमिनीच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांना मोडी येत होती. माणिकरावांच्या आईने, गयाआजींनी, त्यांना पोथी वाचायला बोलावलं. लाल बासनात बांधलेली, देवघरात ठेवलेली. आजी रोज तिला हळद-कुंकू वाहायच्या. ती आहे म्हणून घरात साप शिरत नाही, असा त्यांचा विश्वास.

यांनी बासन सोडलं तर आत देवाचं काहीच नव्हतं. विलायतेत राणीचं राज्य होतं त्या काळातला एक इंग्रज रस्त्याच्या मोजणीला इकडे आलेला. त्याला पाखरांचं वेड. साप चावल्यामुळे उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती, म्हणून कारकुनाला मोडक्या मराठीत सांगून तो सगळं लिहून घ्यायचा. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात ना, ते खालून दिसावेत म्हणून हा माणूस दोरांना बाज बांधून विहिरीत सोडायचा आणि तिच्यावर उताणा पडून राहायचा. पाखरू त्याच्यामुळे दचकलं तर स्वतःला दंड: त्या दिवशी चहा बंद. टोपीत बेडक्या ठेवायचा. बंदूक मात्र कधी उचलली नाही.

हे आजींना एवढंच म्हणाले, "चांगलं लिहिलंय." फोटो काढायला परवानगी नव्हती, पोथी उंबऱ्याबाहेर जायची नव्हती. म्हणून चार रविवार त्यांच्या ओसरीवर बसून यांनी उतरवून घेतली. रात्री मला वाचून दाखवायचे. पाचव्या रविवारच्या आधी हे गेले. वहीतलं शेवटचं वाक्य असं आहे: "सातव्या दिवशी मादी आली, अर्ध्या खोप्यात डोकावली आणि".

पुढे काय, ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं. मी सातवी शिकलेली. यांच्या मोडीच्या जुन्या वह्या गिरवत अक्षर ओळखू येईपर्यंत एवढा काळ गेला. आणि आता उरली होती एक सकाळ.

लातूरहून नांदेडची बस पहाटेच मिळते, बायकांना अर्धं तिकीट. लोह्याला उतरून कंधारकडे वळायचं, असा बेत. अहमदपूरच्या स्टँडवर चुरमुऱ्यांची गरम सुशीला मिळते, वर कांदा आणि लिंबू. तुम्ही गेलात तर जरूर खा. मी मात्र जागेवरून उठले नाही. अहमदपूरच्या पुढे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली. दोन्हीकडे रांगा. लोक खाली उतरून ऊस सोलून खात होते आणि मी घड्याळाकडे बघत होते.

लोह्याला पोचले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं. माणिकराव फोन उचलेनात.

"मावशी, लोहा आलं. उतरा की," कंडक्टर म्हणाला.

गावाकडे जावं तर ते निघालेले असणार. नांदेडला जावं तर गोदावरीचा घाट कोणता, ते माहीत नाही.

"नांदेडचं तिकीट द्या," मी म्हटलं.

"मघाशीच घ्यायचं न्हाई का!" त्याने तिकीट फाडलं.

नांदेडच्या स्टँडबाहेर एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने विचारलं, "कौनसा घाट, अम्मा?"

"दहावा आहे. घाट ठाऊक नाही."

"तो क्या हुआ? दसवें के लोगां जिधर बैठते, एक-एक देखेंगे. बैठो."

पहिल्या घाटावर नव्हते. दुसऱ्या घाटावर मला आधी लाल बासनच दिसलं, पितळी ताटात, पाण्याच्या अगदी कडेला. पिंड मांडून सगळे झाडाकडे बघत बसले होते. कावळा शिवत नव्हता.

"आईचा जीव पोथीत गुतलाय," आत्या म्हणाल्या. माणिकरावांच्या या थोरल्या बहिणीला सगळे आत्या म्हणत होते. "दे सोडून पाण्यात, मग शिवतो का न्हाई बघ."

माणिकरावांनी ताट उचललं.

मी ओरडलेच. "थांबा! ती देवाची पोथी नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी कोण ते सांगितलं, आणि पोथीत काय आहे तेही. यांनी जे आजींना कळू दिलं नाही, ते मी त्यांच्या दहाव्याला बोलून बसले होते.

आत्यांचा आवाज चढला. "मग आमची आई चाळीस वर्षं काय पुजत होती? सायबाची पाखरं? आणि तुमच्या मालकांनी हसून घेतलं असंल घरी जाऊन!"

"हसले असते तर चार रविवार इतक्या लांब आले नसते," मी म्हटलं. "एक पान वाचू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

माणिकरावांनी बासन सोडलं. जे पान उघडलं ते मी अडखळत, बोट ठेवून वाचलं.

"आज दोर लक्षुमणाने धरिला. दोन प्रहर सोडिला नाही. तळहाताची साल निघाली, तरी बोलिला नाही, की पाखरू उडेल. मी वर आलो तेव्हा पाहिले. आज चहा बंद."

"लक्षुमण म्हंजे?" आत्यांनी भावाकडे पाहिलं.

"पणजोबा," माणिकराव म्हणाले. "दुसरं कोण? विहीर आपलीच की."

मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं, पिंडाकडं बघा." पिंडाला चोच लागलेली होती. आम्ही भांडत होतो तेवढ्यात कावळा शिवून गेला होता. कोणी पाहिलाच नाही.

माणिकराव पोथी बासनात बांधू लागले. "ऱ्हाऊ दे घरी."

"घरी कशी?" आत्यांनी अडवलं. "गंगेला काढलेली वस्तू माघारी नेत असतात व्हय?"

ही रीत मलाही माहीत होती. माझा जीव पुन्हा पाण्याच्या कडेला गेला.

आत्यांनी बासन स्वतः उलगडलं, कपडा आणि हळद-कुंकू पाण्यात सोडलं आणि पानं माझ्या पदरात टाकली. "आमच्या उंबऱ्यात चालत न्हाई. यांच्या उंबऱ्याला काय बंदी हाय? पण लक्षुमणाचं सगळं वाचून फोनवर सांगायचं, बाई. टाळायचं न्हाई."

जेवण झाल्यावर माणिकरावांनी जीपने गावावरून लोह्याला नेलं. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. बाभूळ आहे, खोपेही होते, पण रिकामे. भरलेले बघायचे तर पावसाळ्यात जा. कंधारचा किल्ला मी बाहेरूनच पाहिला. त्याच्यासाठी अख्खा दिवस ठेवा.

माणिकराव जाळीवर वाकून म्हणाले, "हितं बाज सोडायचा? लई येडा माणूस!"

"आणि दोर धरणारा?"

"त्यो आमचा," ते हसले.

लोह्याहून शेवटच्या बसने लातूरला आले. पोथी मांडीवरच होती. तरी वही जिथे थांबली होती ते पान मी लगेच काढलं नाही. गुरुवारी यांचा फोन वाजला, मोडी वाचणारे साहेब आहेत का? मी म्हटलं, "साहेब नाहीत. कागद घेऊन या, मी वाचते."

रविवारी ओसरी नव्हती, गॅलरीत सतरंजी टाकली. यांची वही उघडली आणि अर्ध्या वाक्याच्या पुढे, माझ्या अक्षरात, लिहून काढलं:

"उडून गेली. नराने तो खोपा तसाच टाकिला. आठव्या दिवशी शेजारच्या फांदीस पहिली काडी बांधिली. आज चहा घेतला."

यांच्या शाईशेजारी माझी शाई वेगळी दिसते. दिसू दे.