अक्कांसमोर खायचं केळं

“माझ्यासमोर खा.”

असं म्हणून अक्का केळं पुढं करायच्या आणि भीक मागणारं पोरगं पहिला घास गिळत नाही तोवर सालाचं टोक चिमटीत धरूनच ठेवायच्या. धुळ्याला देवपुरात त्या आमच्या शेजारी. तुम्हीही बघितली असतील अशी माणसं, देतात पण सोडत नाहीत.

“पैसा बापाच्या दारूत जातो,” त्या मला सांगायच्या, “केळं पोटात जातं.” मी सातवी नापास, मी काय बोलणार, मान हलवायची. त्यांच्या भावाचा पाचोऱ्याकडे केळीचा बाग, घरी घडच्या घड यायचे. पिवळी असेपर्यंत केळी घरच्यांची, काळी पडायला लागली की अक्कांना गरिबांची आठवण यायची.

मला तर त्या पोरांची भीतीच वाटायची. एखादं माझ्या बाळाकडे टक लावून बघायचं आणि मला वाटायचं, नाही दिलं तर तळतळाट लागेल, दिलं तर अजून येतील, म्हणून मी बाळालाच पदराखाली घ्यायची.

एकदा जळगावच्या स्टँडवर एका पोरानं केळं बघून तोंड फिरवलं. “नको वो अक्का, बठ्ठा लोक केळंच देतस. भजं दे ना.”

“ऐका!” अक्कांनी अख्ख्या गाडीला सांगितलं, “याला भजी पाहिजेत! उद्या जिलबी मागेल!” सगळे हसले, ते पोरगंही हसलं.

मग उन्हाळ्यात बाळाला ताप आला, तो उतरेचना. बाळाचे बाबा फिरतीवर. कुणीतरी म्हणालं, जळगावला एक डॉक्टर आहेत, हाताला गुण आहे. पण मी एकटीनं कधी पांझरेचा पूल ओलांडला नव्हता, मी रडायलाच लागले.

“रडतेस काय, मी येते ना,” अक्का म्हणाल्या, आणि फिरकीचा तांब्या आणि केळ्यांची पिशवी घेऊन आल्या.

एरंडोलला गाडी थांबली. पिशवी सीटवर ठेवून, एक केळं हातात घेऊन अक्का पाणी भरायला उतरल्या. निळ्या फ्रॉकातली एक पोरगी आली. केळं घेतलं पण खाईना.

“माझ्यासमोर खा.”

“भाऊले देसू. तठे बठेल शे.” तिनं स्टँडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“सगळ्यांनाच भाऊ असतो! आधी तू खा.”

पोरगी ओढतेय, अक्का ओढतायत, आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीतून हाका मारतेय, तर अक्का हात दाखवतायत, थांब, हिला गिळू दे! कंडक्टरनं घंटी दिली. “आमच्या अक्का राहिल्या,” मी म्हणाले, पण इतकं हळू की बाळालाच ऐकू गेलं असेल. गाडी निघाली.

जळगावात उतरून, विचारत विचारत, केळ्यांची पिशवी खांद्याला अडकवून, भाजणारं पोर छातीशी धरून मी दवाखान्यात कशी पोचले ते माझं मला माहीत नाही. डॉक्टरांनी सुई दिली, म्हणाले, उतरेल आता. मी बाळाला घेऊन बाकावर बसले. पुढच्या गाडीनं अक्का आल्या, अंबाडा सुटलेला, हातात तांब्या नाही.

“एका केळ्यासाठी मला सोडलंत!” मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले असेन.

अक्का पुढं आल्या. बाळ घेतलं, कपाळाला गाल लावून बघितला. मग म्हणाल्या, “खरंच होता गं भाऊ. एवढासा. तिनं त्याला अर्धं भरवलं, आणि उरलेलं माझ्याकडे बघत बघत खाल्लं. मला दाखवायला.”

येताना बाळाचं अंग गार होतं, मांडीवर झोपलेलं. एरंडोल आलं तशी अक्कांनी पिशवी घेतली आणि खिडकीबाहेर मान काढली. खाली पोरंच पोरं. “तू नाही. तू पण नाही. ती निळ्या फ्रॉकची कुठाय? तिचा भाऊ?”

“मी तिना भाऊ शे!”

“मीबी!”

“मीबी, अक्का!”

“खोटारडे मेले,” अक्का म्हणाल्या आणि एकेकाचं तोंड निरखायला लागल्या. घंटी वाजली. खिडकीत नुसते हात, आणि माझं बाळ मांडीवर जिवंत, मला काय झालं कोण जाणे, मी अक्कांच्या हातातली पिशवी ओढली आणि खिडकीतून देऊन टाकली. कुणी घेतली ते बघितलंसुद्धा नाही.

“अगं, पिशवी नवी होती!” अक्का म्हणाल्या.

पण मान काही त्यांनी आत घेतली नाही, स्टँड पार दिसेनासं होईपर्यंत.