पेन्सिलीची चौकट

बाबांच्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर माणसं उलटी दिसतात. आज तिच्यावर काका पाय वर, डोकं खाली असे लोंबत होते. काळ्या कापडाखाली मी ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म आता इथे मिळत नाही, म्हणून काच काढून तिथे मी साध्या रोलची पेटी बसवते. रोल काचेपेक्षा बराच लहान. त्याच्या मापाची चौकट मी काचेवर पेन्सिलीने आखून ठेवलीय. चौकटीतलं तेवढं फिल्मवर उतरतं. बाहेरचं नुसतं दिसतं.

बाबा गेल्यावर काकांनी त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह सोड्याने धुतल्या आणि गोठ्याच्या खिडक्यांना बसवल्या. आईचा एकुलता एक फोटो त्यांतच होता. "काच ती काच," म्हणाले. जिथे आईचा चेहरा होता, तिथून म्हशींच्या पाठीवर ऊन पडायचं. कोणी उरायचं आणि कोणी पुसलं जायचं, हे कधी ना कधी एखाद्याच्या हातात येतं. तेव्हा त्यांच्या हातात होतं.

आज सगळं घर अंगणात ओळीने उभं. काका कडेला, फेटा बांधून, चौकटीच्या दोन बोटं बाहेर.

"मी येतोय ना गं नीट?" त्यांनी विचारलं.

"अख्खे दिसताय, काका."

मी काच काढली, पेटी बसवली. काकांची पापणीसुद्धा लवत नव्हती.

"अगदी अस्सेच राहा," मी म्हणाले. "हलू नका."