हक्कसोडीचा जिना

मखमलाबादच्या धोंडाबाईचे दोन्ही पाय पोलिओनं लहानपणीच गेले. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. ओट्यावर बसून ती झेंडूचे हार ओवायची आणि समोरून जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. कारभारी आणि सहादू हे तिचे दोन भाऊ. त्यांनी तिला ना शाळेत नेलं, ना कालिकेच्या यात्रेला. ‘उचलून कोण नेणार?’ एवढं म्हणून त्यांनी बहिणीचा जन्म निकालात काढला.

सत्त्याण्णव साली बाप गेला, मळ्याला बिल्डरचं गिऱ्हाईक लागलं आणि भावांच्या पाठीत एकाएकी बळ आलं. कारण सातबाऱ्यावर वारस म्हणून धोंडाबाईचंही नाव लागलं होतं. बहिणीनं साडीचोळी घ्यायची आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. रीत म्हटली की लुबाडायचीही लाज वाटत नाही.

नोंदणीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही, जिन्याला धड कठडाही नाही. सरकारी इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांच्या घरी कुणी लंगडं, म्हातारं, पोटुशी नसतंच बहुतेक.

“साहेबाला जरा खाली बोलवा की,” धोंडाबाई शिपायाला म्हणाली.

“साहेब खाली येत नसतात, बाई.”

“का? त्यांनाबी पाय नाय?”

शिपाई तोंड उघडणार तोच कारभारीनं तिला पाठंगुळीला घेतलं. “घट्ट धर हां, आक्के!” इतकं गोड तो जन्मात बोलला नव्हता. मधल्या वळणावर सहादूनं तिला पाणी पाजलं. धोंडाबाईला भडभडून आलं आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे यांना उचलता येत होतं. इतकी वर्षं येत होतं.

वर साहेबांनी मान वर न करताच विचारलं, “राजीखुशीनं हक्क सोडता ना, बाई?”

“नाय.”

कारभारीनं डोळे वटारले. “आक्के, साडी घेतली ना तू?”

“साडी ने, तुझ्या बायकोला नेसव. मळा माझ्याबी बापाचा हाय. मला माझा हिस्सा पायजे.”

“घरचं भांडण घरी मिटवून येत जा,” साहेब वैतागले. “चला, पुढचं कोण?”

कारभारी तिच्या कानाशी वाकला. “लय शहाणी झाली ना? मग आता उतर तुझी तू.” दोघे भाऊ निघून गेले. सहादूनं एकदा वळून पाहिलं, तेवढंच.

धोंडाबाई हातांवर भार देत, बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकू लागली. फायली घेतलेली माणसं तिला ओलांडून जात होती. एकानं ‘कडेला सरका’ म्हणून दरडावलं. खालच्या पायऱ्यांवर एका सफारीवाल्यानं तिच्या ओच्यात रुपया टाकला. तो तिनं उचलून त्याच्याच पाठीत हाणला.

“मुडद्या, मळ्याची मालकीण हाय मी!” ती कडाडली. जिन्यावरचे सगळे हसले.

खाली पोचेपर्यंत तिचे तळवे सोलून निघाले होते. फाटकाशी मघाचा शिपाई उभा होता.

“हिस्सा मागायचा तर अर्ज कुठं द्यायचा, भाऊ?”

“तहसीलला,” तो तिच्याकडे खाली पाहत म्हणाला. “पण तेही वरच्या मजल्यावर आहे, बाई.”

“मजला नको सांगू,” धोंडाबाई म्हणाली. “रस्ता सांग.”