उघड्या दाराची शिष्यवृत्ती

विद्यापीठाच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्याची जबाबदारी जिच्यावर होती, तिला सगळ्या पोरी ताई म्हणायच्या. मजला सांभाळायचा, त्या बदल्यात शिष्यवृत्ती आणि राहायला खोली, असा करार होता. अट एकच, जागी असेपर्यंत दार उघडं ठेवायचं.

पोरींनी त्या दाराचा पुरेपूर फायदा घेतला. कुणाचा गीझर बिघडलेला असायचा, कुणाचा मित्र. रडणारीला ताई पलंगावर बसवायची आणि म्हणायची, "आधी पोटभर रडून घे, मग बोलू." तिला कधी कुणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही.

मग तिची आई गेली. घरचं सगळं उरकून ती परतली आणि पहिल्यांदाच तिने दाराला आतून कडी घातली.

समोरच्या खोलीतली पोरगी याच पलंगावर सगळ्यात जास्त रडलेली. तिनेच रेक्टरबाईंकडे तक्रार नेली.

"दुःख कळतं गं," बाई ताईला म्हणाल्या, "पण दार बंद ठेवणारीला आम्ही पैसे कसे देणार?"

शिष्यवृत्ती गेली समोरच्या पोरीला, खोलीही तिलाच. ती सामान घेऊन आली, तेव्हा ताई बॅग भरत होती. आईची शाल हाती आली आणि ताई मटकन पलंगावर बसून हुंदके द्यायला लागली.

ती दार लोटून घ्यायला उठली, तर पोरगी उंबऱ्यात पाय रोवून उभी.

"दार नको लावूस ताई, माझी शिष्यवृत्ती जाईल. रडायचंय ना, मग खाली जाऊन रड."