बाबारावांच्या बॉलवरची सही

नोकरीत होतो तेव्हा टेबलावर फायली साचायच्या, रिटायर झाल्यावर किस्से साचतात. फायली निदान दुसऱ्याच्या टेबलावर सरकवता येत होत्या! अमरावतीत हमीदभाईंच्या घड्याळाच्या दुकानात आम्ही चारपाच रिकामे लोक रोज सकाळी जमतो. बाबाराव राऊतांच्या बॉलनं तर आमचं अख्खं वर्ष खाल्लं.

हा बॉल बेसबॉलचा. बाबारावांच्या प्रशांतनं अमेरिकेहून पाठवलेला. पांढरं कातडं, लाल टाके आणि वर तिकडच्या कुण्या खेळाडूची निळ्या शाईतली सही. त्या खेळाडूचं नाव आमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे तो फार मोठा असणार याबद्दल सगळ्यांचं एकमत झालं.

मोडता घातला तो बाबारावांच्या व्याह्यांनी, अकोल्याच्या गुलाबराव इंगळ्यांनी. बॉल उलटसुलट करून म्हणाले, "अशी सही तं आपला नातूबी करते!"

बाबाराव लाल झाले. "सही खोटी म्हणजे माहं पोट्टं खोटं! त्याच्या डोळ्यासमोर केली म्हणते तो!"

"मंग करा सिद्ध!" असं म्हणून गुलाबरावांनी अकोल्याची गाडी पकडली. तेव्हापासून बाबारावांना दुसरं काही सुचेना.

*

सही खरी की खोटी हे नंतर, आधी ती वाचता तर यायला हवी. हमीदभाईंनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ निरखून म्हणाले, "बाबारावभाऊ, पहिलं अक्षर 'जे' आहे. पुढचं डॉक्टरनं लिहिल्यावाणी दिसून राहिलं."

मग तसलं अक्षर वाचणाऱ्याकडे जाणं आलं. समोरच्या मेडिकलवाल्यानं बॉल हातात घेतला, सहीवर एक नजर टाकली आणि परत दिला.

"हे येणं बंद झालं, काका. दुसऱ्या कंपनीचं देऊ काय?"

*

आमच्यातले गवई साहेब बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले. ते म्हणाले, "नमुना सहीशिवाय मी काही बोलणार नाही."

प्रशांतनं त्या खेळाडूच्या दुसऱ्या एका सहीचा फोटो पाठवला. साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. वळण तेच, रेघ तीच, शेवटचा झोकही तोच! बाबाराव पेढे आणायला उठले.

"बसा," गवई साहेब म्हणाले. "इतकी जुळते म्हणजे नक्की खोटी. जित्या माणसाची सही कधी जुळते काय? माही माह्याच बँकेत जुळत नाही!"

*

एक दिवस प्रशांतनं फोनवर सांगितलं, "बाबा, सही खरी ठरली आणि बॉल असाच स्वच्छ राहिला, तर तो विकून एक प्लॉट येतो."

दुसऱ्याच दिवशी बॉल बँकेच्या लॉकरमध्ये गेला. लॉकर लहान, त्यामुळे सुशीलावहिनींच्या बांगड्या घरी आल्या. आम्ही चहाला गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हलायला तयार नव्हत्या.

"बांगड्या पिठाच्या डब्यात अन् बॉल लॉकरात! भाऊजी, चोरानं जावं तरी कुठं, तुमीच सांगा!"

*

शेवटी तोडगा गुलाबरावांनीच काढला. त्यांची सारी नोकरी तहसीलमध्ये गेलेली. म्हणाले, "गॅझेटेड ऑफिसरनं अटेस्टेड करून द्यावं, मी मानतो. बिनशिक्क्याचं म्या जल्मात काही मानलं नाही."

जवळच्याच तिवशाला सरकारी ऑफिसात बाबारावांच्या ओळखीचे एक गॅझेटेड साहेब होते. बॉल लॉकरमधून काढून बाबाराव, गुलाबराव आणि मी असे आम्ही तिघं गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "झेरॉक्स आणली?"

"बॉलची?"

"मूळ प्रत आणि झेरॉक्स. नियम आहे."

झेरॉक्सवाल्यानं बॉल काचेवर ठेवला. झाकण बसेना. मशीनमधून काळाकुट्ट कागद निघाला, मधोमध एक पांढरा वाटोळा डाग. साहेबांनी तो उजेडात धरला.

"याच्यात सही कुठं आहे? जाऊ द्या, मूळ प्रतीवरच देतो."

आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी शिक्का शाईत दाबला, बॉल डाव्या हातात घट्ट धरला आणि हाणला. बरोबर सहीवर! जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का. त्यावर हिरव्या शाईत साहेबांची स्वतःची सही.

गुलाबरावांनी चष्मा लावला. बॉल फिरवून फिरवून पाहिला आणि दोन्ही हातांनी बाबारावांना परत दिला.

"हारलो, बाबाराव. पोरगं खरं आहे तुमचं."

बाबारावांचे डोळे भरून आले. ऑफिसच्या पायरीवरूनच त्यांनी अमेरिकेला व्हिडिओ कॉल लावला. "प्रशांत, जिंकलो लेका! सही खरी निघाली! हे पाह्य!" आणि बॉल कॅमेऱ्यासमोर धरला.

प्रशांतचं तोंड उघडं राहिलं. तसंच राहिलं.

"काहून हलून नाही राहिला हा?" बाबारावांनी विचारलं.

गुलाबराव फोनमध्ये डोकावले. "नेटवर्क गेलं असन. तिवशाले हाच प्रॉब्लेम आहे."