कीबोर्डमधली नखं

जयपूरच्या घरी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकताना पडद्यावर 'पुढे जायला कळ दाबा' आलं आणि एकही कळ चालेना. कॉम्प्युटरमधलं जुनं सगळं पुसून झालेलं. सुनेचा, राधिकाचा, नोकरीचा अर्ज संध्याकाळपर्यंत जायचा होता. मुलाने कीबोर्ड उलटा आपटला, तर कचोरीचा तेलकट चुरा आणि कुरतडलेली नखं पडली.

"शी! याच हातांनी जेवतोस?"

"आई, घाणीचा संबंध नाही. वर्षापूर्वी घेतलेल्या या कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला ओळखणारा प्रोग्राम, या सिस्टीममध्ये नाही. आधीचा जुनाच लागेल."

जुना त्याने खालच्या मजल्यावरच्या भाभीजींना देऊन टाकला होता. "दिलेलं परत कसं मागू? लाज वाटते."

"बसा लाजत," म्हणत राधिका उठली. तिने आणलेला जुना कीबोर्ड चालला, अर्ज गेला.

परवा कुणी कचोरी आणली, तेव्हा वासानेच जयपूरचं ते घर आठवलं. त्या दिवशी मला शिसारी नखांची आली होती, आता त्याच्या लाजेची येते. घरात आम्ही तिघं होतो; मीही उठले नव्हते. भाभीजींचं दार राधिकाने वाजवलं.